क्लाइव्ह टॅलीकडे वाचायला शिकतो

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा हसला! माझ्याकडे बघून नाही — टॅलीकडे बघून.

माझ्या नवऱ्याला मेंदूचा झटका आला त्याला आता पाच महिने होतील. क्लाइव्हला अक्षरं दिसतात, एकेक शब्दही कळतो, पण वाक्याचा अर्थ आत पोचत नाही. बोलणंही अडखळत, एका वेळी दोन-तीन शब्द. दवाखान्यातली बाई म्हणाली होती, "रोज थोडं वाचून घ्या. पहिली-दुसरीचं चालेल." पहिली-दुसरीचं! माझा उभा जन्म बर्नी गावच्या शाळेत तेच शिकवण्यात गेला. मी माझी जुनी, जाड अक्षरांची कार्डं काढली. तिसऱ्याच कार्डाला त्यानं सगळा गठ्ठा टेबलावरून ढकलून दिला.

आणि समोरच्या ब्रॉनीची पोर टॅली, आठ वर्षांची, गुडघे कायम फुटलेले, टॅब घेऊन आली की हा व्हरांड्यात खुर्ची सरकवून तिला जागा करून देतो.

बुधवार, ६ मार्च

पडद्याआडून बघितलं. होय, बघितलं! माझंच घर आहे.

टॅबवर एक कार्ड येतं. दोन ओळींची गोष्ट, खाली प्रश्न, तीन उत्तरं. बोटानं टेकवायचं. बरोबर आलं तर पडद्यावरचा कूकाबरा पक्षी खदखदून हसतो. चुकलं तर कार्ड नुसतं थरथरतं आणि पुन्हा तसंच उभं राहतं.

"मांजर बेनच्या बुटात झोपली. बेन अनवाणी शाळेत गेला. का?"

क्लाइव्हनं "बूट हरवले"वर बोट ठेवलं. कार्ड थरथरलं. टॅली म्हणाली, "मीपण तेच केलं होतं! थांब, मांजर बघ परत." त्यानं परत बघितलं. किती वेळ! मी असते तर चार वेळा सांगून मोकळी झाले असते. मग बोट हललं — कूकाबरा हसला, पोरगी हसली, आणि माझा नवरा, ज्यानं खेकड्यांच्या बोटीवर सगळा जन्म तोंड वाकडं करून काढला, तोही हसला.

मी आत जाऊन भांडी आपटली.

रविवार, १० मार्च

त्याला ती "क्लाइव्ह" म्हणते. मला "मिसेस डॉकिंग".

मंगळवार, १२ मार्च

न राहवून विचारलंच. "माझ्याजवळ का नाही वाचत?"

शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "तू... उसासा." आणि स्वतःच करून दाखवला — नाकातून, लांब. अगदी माझ्यासारखा!

मी कधी उसासा सोडते?

शुक्रवार, १५ मार्च

सोडते. आज लोणी लावताना त्यानं सुरी उलटी धरली आणि माझ्या नाकातून आपोआप आला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवार, २३ मार्च

टॅली दारात आली. मी म्हटलं, "झोपलाय तो." झोपला नव्हता. आत खुर्चीत, फाटकाकडे कान लावून बसला होता.

"मग संध्याकाळी येऊ?"

"बघू."

ती गेली. त्यानं माझं बोलणं सगळं ऐकलं होतं. बोलण्यातलं त्याला सगळं कळतं, हे मी विसरले. जेवताना ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

सोमवार, २५ मार्च

ब्रॉनी कुंपणापाशी भेटली. मासळीच्या शेडमधून परत येत होती, रबरी बूट अजून पायात.

"टॅलीनं काही वाह्यातपणा केला का, मर्ना? दोन दिवस रडतेय."

"छे गं. त्याला बरं नव्हतं."

"शाळेत तिला मागच्या गटात बसवलंय. वाचते भराभरा, पण काय वाचलं विचारलं तर गप्प. त्या कार्डांवर तोंड वाकडं करायची. क्लाइव्हबरोबर बसायला लागल्यापासून स्वतःहून उघडते. म्हणते, आम्ही दोघंही ढ आहोत, म्हणून मजा येते!"

म्हणजे कोणी कोणाला शिकवत नव्हतंच. अशी पोरं मी आयुष्यभर पाहिली, हिला मात्र ओळखलं नाही.

संध्याकाळी मीच समोर जाऊन टॅलीला बोलावून आणलं. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक केले होते. "मी इथं बसू?" मी टॅलीला विचारलं. तिनं क्लाइव्हकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले.

"बसा. पण मधे बोलायचं नाही, मिसेस डॉकिंग."

बसले. नाही बोलले. जीभ चावून चावून दुखली!

मंगळवार, २ एप्रिल

ब्रॉनीला लॉन्सेस्टनला काम मिळालं. टॅलीला घेऊन शुक्रवारी जाणार.

आनंद झाला मला. लिहून ठेवते, कारण बोलायला कोणी नाही — खरंच आनंद झाला. आता तो माझा.

शुक्रवार, ५ एप्रिल

गेल्या. टॅलीनं आमच्या जुन्या टॅबवर कार्डं घालून दिली. क्लाइव्हच्या गळ्यात पडली. मग, कोण जाणे का, माझ्याही. गाडी वळणाआड गेल्यावर तो हात तसाच वर धरून उभा राहिला. मी तो खाली घेतला. थंडगार होता.

बुधवार, १० एप्रिल

टॅबला हात लावत नाही. मी समोर ठेवला, त्यानं उलटा करून ठेवला. "मी काही बोलणार नाही," म्हटलं. त्यानं मान हलवली. विश्वास नाही. कसा असेल?

तिची खुर्ची व्हरांड्यातच आहे. मला ती आत आणवत नाही. हेवा करायला कोणी उरलं नाही, तरी जात नाही मेला.

रविवार, १४ एप्रिल

चहानंतर क्लाइव्ह उठला. टॅब घेतला, व्हरांड्यात गेला, मला हाक मारली. मी माझी खुर्ची उचलली तर मान हलवली — ती नको. टॅलीची खुर्ची हातानं थोपटली.

"तू," तो म्हणाला. थांबला. शब्द शोधला. मी उसासा सोडला नाही.

"तू... टॅली हो."

टॅलीच्या खुर्चीत बसले, आणि तिच्यासारखीच पहिलंच कार्ड चुकले.