तळहाताला कळणारी थरथर

आई,

दोन्ही हातांनी नमस्कार. डाव्या हाताला आजच परवानगी मिळाली.

माझ्या हातातली शीर पुन्हा नीट वाहते आहे. डॉक्टरांनी स्वतः सकाळी नळी लावून ऐकलं आणि मान डोलावली. डायलिसिसच्या सुया ज्या शिरेत घालतात, ती काल गुठळीने बंद पडली होती.

एरवी तिथे तळहात ठेवला की थरथर लागते. तू शिवायला बसलीस की मी मशीनच्या फळीवर हात ठेवून बसायचे ना, अगदी तशी. थरथर बदलली की मी ओरडायचे, "आई, पट्टा सुटतोय!" तू म्हणायचीस, "गप बैस गं, मिस्त्रीणबाई." आणि पट्टा सुटायचाच.

काल उठल्यावर हाताला काहीच लागेना. मी तडक इस्पितळ गाठलं. नर्स म्हणाली, "बाई, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर ही शीर गेलीच होती." दुपारी गुठळी काढली. फार दुखलं नाही.

कालचं डायलिसिस मात्र हुकलं, त्यामुळे रक्तात पोटॅशियम वाढलंय. म्हणून फळं बंद. क्रिएटिनिनचं विचारू नकोस, त्याचं रडगाणं नेहमीचंच.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा म्हणाला, तू मशीन विकायला काढलीस. एवढ्यात नको गं विकूस.

उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासतील आणि याच हातात सुया घालतील. शीर टिकली की नाही, ते तेव्हा कळेल. आत्ता तरी, उजव्या हाताने लिहिता लिहिता मधेच थांबून पाहिलं, थरथर आहे.

तुझी,
मिस्त्रीणबाई