लाल ते लालच

प्रिय स्नेहल,

फोन केला असता तर मी रडले असते, आणि मला रडायचं नाहीये. मला भांडायचंय! म्हणून लिहितेय.

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर येत्या सोमवारी चालू करायला मी नाही म्हटलं. औषधाचा डोस काढताना ते बाळाचं आजचं वजन सोडून मागच्या खेपेचं वजन उचलतं. नेहमी नाही, कधीकधी. केतन साहेब म्हणाला, एवढ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये असं बारीकसारीक चालायचंच, नंतर दुरुस्त करू. मी भर मीटिंगमध्ये विचारलं, तुझ्या पोरीला ताप आला तरी बारीकसारीकच म्हणशील का?

आठवतं, महापेला त्या पत्र्याच्या गाळ्यात आपण सहाच जण होतो? तू खुर्चीतूनच ओरडायचीस, अगं थांब, फुटलंय! की मी थांबवायचे. विषय संपला. आता ऐरोलीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये दोनशे डोकी. चूक सापडली की टेस्टिंगवाली पोरगी तक्त्यात लाल लावते, ओरडा नको म्हणून तिचा टीम लीड त्याचा पिवळा करतो, आणि साहेबापुढे जाईपर्यंत सगळं हिरवंगार! खोटं कुणीच बोलत नाही गं, जो तो थोडंसं सावरून घेतो. सहा जणांचं काम थांबवताना काही वाटायचं नाही. दोनशे जणांचं थांबवा म्हटलं की भल्याभल्यांची दातखीळ बसते. माझी नाही बसली. मी तो रंग परत लाल केला आणि सगळ्यांना दाखवला.

आई काळजीत पडेल वाटलं होतं. तर ती दिघ्याहून डबा घेऊन आली आणि म्हणाली, नोकरी काय, दुसरी मिळंल, जेव आधी. दोन भाकऱ्या हाणल्या बघ.

शुक्रवारी मला प्रोजेक्टवरून काढलं. माझ्या जागी तू येणार, हे केतननेच सांगितलं. तू सांगितलं नाहीस, याचा राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण जागा घे, बिनधास्त घे, तुझ्याइतकं लायक तिथे कुणी नाही. फक्त सोमवारी सकाळी तुझा होकार मागतील, तो देऊ नकोस. दिलास, तर मी सरळ हॉस्पिटलच्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहीन आणि तुझं नाव घेऊन सगळं सांगेन. मैत्रीणबित्रीण बघणार नाही.

तुझीच, सोमवारपर्यंत तरी,
क्रांती