नमस्काराच्या आधीची ओळ

बांडुंग, ८ जानेवारी

ती. बापाक यांना,
तुमच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून नमस्कार.

परवा मेरापी ज्वालामुखीवरून लाहारचा दगडचिखल उतरला, तेव्हा सेनोदादा नदीपात्रात ट्रकमध्ये वाळू भरत होता. लाहारवर नजर ठेवणाऱ्या चौकीतून तुम्ही पाठवलेला इशारा त्याच्या फोनवर वेळेत पोचला होता. मी तपासलं. त्याने तो उघडलाच नाही. बंद पडद्यावर फक्त पहिली ओळ दिसते, आणि तुमची पहिली ओळ होती, ‘गावातील सर्व आदरणीय ज्येष्ठांना व बंधुभगिनींना शांती लाभो.’ त्याला वाटलं, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण. ट्रक वाहून गेला. दादा कसाबसा काठावर चढला.

पहिली ओळ बदला. पोरं फोनवर एकमेकांना लिहितात तशी: ‘गाएस काबूर! लाहार!’ मंडळी, पळा. एवढंच.

आईला सांगा, मी जेवते. लोभ असावा असं लिहीत नाही. आहे हे ठाऊक आहे.
लारास

क्लातेन, १४ जानेवारी

चि. लारास,
अनेक आशीर्वाद.

न्दुक, माझ्या पोरी, तुझ्या पत्रापायी चहा गार झाला. मी आयुष्यभर शाळेत इंडोनेशियन शिकवली. इतक्या बेटांना बांधणारी दोरी आहे ती. आणि ‘गाएस’ म्हणे! इंग्रजी ‘गाइज’ची आपल्या न्हाव्याने केलेली हजामत! माझ्यासारख्या चौकीप्रमुखाने असं लिहिलं तर माझेच विद्यार्थी खिदळतील. कोंबड्यांनासुद्धा आपण आधी चुचकारतो, मग हाकलतो.

सेनो तुझ्याच बाजूने आहे. आई म्हणते, तिघंही हट्टी. माझा नकार समज.

माया आहे तशीच आहे.
बापाक

बांडुंग, २१ जानेवारी

ती. बापाक यांना,
नमस्कार.

इशाऱ्याची यंत्रणा मी बांधली आहे. तुमच्या नकळत ओळ बदलणं मला सहज जमेल. करणार नाही. पण दर आठवड्याला हेच पत्र येईल. नमस्कार काढू नका, खाली घ्या. तुम्ही म्हणता ती दोरी बुडणाऱ्याला फेकायची आहे. सेनोदादा उद्याही नदीत उतरणार.

लारास

क्लातेन, २ फेब्रुवारी

सेनो घरी आहे. सगळी पोरं वर आली.

चि. लारास, आता आशीर्वाद. काल मागच्यापेक्षा मोठा लोंढा आला. तुझी ओळ मी स्वतःच्या बोटाने टाकली. शांती आणि ज्येष्ठ खाली घेतले. पोरं माकडांसारखी काठ चढली. वर येऊन हसली मला, गुरुजी गुरुजी करत. हसू देत.

‘गाएस’नंतर स्वल्पविराम घातला आहे. तो माझा. त्याला हात लावायचा नाही.

बापाक