शेळगावच्या उताऱ्यावर माझं नाव

बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्ञानदेव,

सप्रेम जय भीम. आम्ही सगळे बरे. मोनालीची परीक्षा जवळ आलीय, टीव्ही बंद, त्यामुळे घरात शांतता आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. निवांत वाच.

बुद्धघोष मामांच्या शेळगावच्या शेताला आणि त्यातल्या घराला माझंही नाव लागतंय, हे मला तलाठ्याकडून कळलं. मी हसलेच. दोन-चार वर्षांतून एकदा तोंड दाखवणारी भाची मी! पण मामांना मूलबाळ नाही, भाऊ-बहीण आधीच गेलेले. उरलो तू पुतण्या आणि मी. मामा गेले तेव्हा रडू आलं असं खोटं कशाला लिहू?

मग तू तुझ्या विकीबरोबर साडी पाठवलीस. आपल्याकडं बाईनं साडी घ्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही करायची, विचारायचं काही नाही. आईनंही तेच केलं. साडी चांगली आहे रे, रंगही मला शोभणारा. सही करायची असं ठरवूनच मी मामांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला आले होते.

वंदना चालू असताना पाणी प्यायला मागं गेले, तर अक्काबाई भांडी घासत होत्या. अर्धा जन्म मामांबरोबर त्या घरात काढलेली बाई, आणि फोटोपुढं बसायला तिला कुणी बोलावलं नाही. लग्न लागलं नव्हतं ना! मी म्हटलं, "पुढं चला की."

"नगं बाई. ज्ञानदेवराव म्हनलं, कार्यक्रम झाला की घर खाली करायचं हाय. आमी कुठं जायाचं, ते न्हाय बोललं."

मला तुझा राग आला, ज्ञानदेव. अजून आहे.

सही मी करणार नाही. साडी परत पाठवतेय, घडी मोडलेली नाही. शेत तूच कर, पीक तूच ने, मला त्यातलं काही नको. पण उताऱ्यावर माझं नाव राहील, आणि ते आहे तोवर त्या घरातून अक्काबाईंना कुणी हलवायचं नाही. वाटणीचा दावा लावायचाय? खुशाल लाव. मी तारखेला येईन, इंदापूर काही लांब नाही.

काल जाऊन त्यांना हे सांगितलं, तर घाबरल्याच. "माज्यापायी भांडान कशाला वढवून घेता? तुमी माज्या कोन?" म्हणाल्या. तिथं मला उत्तर सुचलं नाही, एसटीत बसल्यावर सुचलं. ते खाली लिहिलंय. तू जाऊन त्यांना वाचून दाखव, तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझी आतेबहीण
आणि अक्काबाई मामींची भाची,
जयवंता