टॉवेलवाली, आडनावासकट

ता. ४ मार्च

ती. आजीस सा. नमस्कार वि. वि.

आईला जाऊन महिना होत आला. मी कामावर जाते, येते, भांडी घासते. रडू येत नाही, त्याची चौकशी करू नकोस.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. इथल्या सिनेमा क्लबचे सेक्रेटरी घरी आले होते. त्या चावट सिनेमाचा दुसरा भाग, आई होती तो, त्यांना कुठल्याशा गोदामात सापडलाय. पहिला धो धो चालला, दुसरा बदनाम होऊन आठवड्यात उतरला, म्हणून आता त्यालाच भाव, असं म्हणाले. त्यांना खास खेळ लावायचाय. जाहिरातीत ‘टॉवेलवालीला श्रद्धांजली’ आणि प्रत्येक तिकिटावर एक टॉवेल फुकट. घरच्यांची हरकत नसावी म्हणून विचारायला आले. चहा पिऊन गेले. मला रागसुद्धा आला नाही. काय कळवू?

आणि एक विचारते. मी तो सिनेमा पाहिलेला नाही. त्यात टॉवेल गुंडाळून धावणारीचे ते पाय आईचेच का?

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी बबडी

ता. ९ मार्च

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं नाही, माझं मीच वाचलं. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, लागेल.

पाय तिचे नाहीत. तिच्या गुडघ्यावर इस्त्रीचा डाग होता, तुला ठाऊक आहे. पडद्यावरचे पाय साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. पहिल्या भागातली बाई दुसऱ्याला नको म्हणाली, म्हणून तुझ्या आईला घेतलं. खांद्यापर्यंतच दाखवीन, म्हणाला तो डायरेक्टर. दाखवलंही तेवढंच. खालचं दुसरीचं जोडलं. मेल्याने शिंप्याचं दुकान काढायला हवं होतं.

आणि तिचे असते तरी काय? पायच ना? शेपूट तर नव्हतं.

पण सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तिचं नाव घातलं नाही. नुसतं ‘टॉवेलवाली’. मग औषधाच्या दुकानात गोळ्या द्यायला बसली तरी टॉवेलवाली. तुझा बाप घर सोडून गेला, तो दारात उभा राहून हेच बोलून गेला. मी चप्पल फेकली. लागली नाही.

सेक्रेटरीला सांग, खेळ खुशाल लावा. टॉवेल घरी नेऊन बायकोला द्या. जाहिरातीत तिचं नाव छापा, आडनावासकट, ठळक. जमत नसेल तर आपला सिनेमा उचला आणि चालू लागा. हे अस्संच सांग, मऊ करू नकोस. तुला ती खोड आहे.

वेळेवर जेव.
आजी

ता. २ एप्रिल

ती. आजीस सा. नमस्कार वि. वि.

मऊ केलं नाही. सेक्रेटरी आधी हसले, मग बरं म्हणाले. नाव छापलं. टॉवेल वाटले नाहीत.

काल खेळ झाला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मला धरून चार माणसं. दाराशी दोघीजणी थांबल्या, जाहिरात वाचली, ही कोण बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ‘या नावाने कोणाला कळणार, ताई?’ असं सेक्रेटरी म्हणाले. त्यांचंही खोटं नाही.

सिनेमा अगदीच टाकाऊ आहे. आई धावते, घसरते, दार बंद होतं. त्यात ती माझ्याहून लहान दिसते. कोणी हसलं नाही, विनोद होते तिथेही नाही. मी शेवटपर्यंत बसले. काही वाटलं नाही.

आपण हट्ट केला नसता तर हॉल भरला असता. निदान तिला बघायला माणसं आली असती. आपलं चुकलं का, आजी?

तुझ्या पत्राची वाट बघते.
बबडी

ता. ७ एप्रिल

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

चार माणसं कमी का? तिच्या मयताला तू, मी आणि तो शववाहिनीचा ड्रायव्हर. तू गाडीतून उतरून पाणी पीत होतीस तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, टॉवेलवाली ती हीच का हो. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण मी म्हटलं, हो, हीच. आपल्या दोघींना उचलवत नव्हतं, आणि त्याशिवाय तो खांदा देईना.

तुझ्या त्या हॉलात कोणी असं विचारलं नाही ना? मग झालं.

पत्र टाकत जा.
आजी