साहेबानं दिला नाही माय, तुम्ही घेतला

प्रिय माय,

तुझं पुस्तक छापू नका, असं आज मी प्रकाशकांना सांगून टाकलं. शाळा सुटली, पोरं घरी गेली, आणि रिकाम्या वर्गात उभी राहून मी फोनवर 'नाही' म्हणाले. आवाज कापला नाही. मग वाटलं, ही गोष्ट आधी कोणाला सांगायची? तुलाच ना! म्हणून इथे एटापल्लीत, खोलीत आल्या आल्या लिहायला बसले.

चिडलीस का गं? तुला ते पुस्तक किती हवं होतं, हे मला ठाऊक नाही का!

हे सगळं त्या पाटीवरून सुरू झालं. गावच्या तलावाच्या पाळीवर कोणीतरी पाटी लावली, की एका मोठ्या साहेबांनी हा तलाव मासे धरणाऱ्या ढिवर बायांना मिळवून दिला. तू मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन पाटीसमोर थांबलीस. मी वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "साहेबानं देला? मंग आमी बाया काय पाळीवर मुरमुरे खाऊन राह्यलो होतो?"

त्याच उन्हाळ्याच्या सुटीत तू जाळं विणत सांगू लागलीस आणि मी लिहू लागले. तू बोललीस तसंच. आपल्याकडे बाया 'मी जातो', 'मी देतो' म्हणतात, तर तसंच.

काय सांगायचीस गं तू! बाहेरच्या ठेकेदारानं तलाव घेतला, आपल्या माणसांना जाळं टाकायची बंदी केली, घरचं कोरड्यास, मासोळीचं कालवण, बंद झालं. पुरुष म्हणाले, कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही. मग एका सकाळी त्याची माणसं मासोळ्यांनी भरलेली नाव काठाला लावत होती, आणि तू पाण्यात शिरून त्या नावेत जाऊन बसलीस. "मासोऱ्या बाजारात नेतं ना? मलेबी ने. इक मले!" ती माणसं तुला हात लावायला धजेनात. पाळीवरच्या बाया हसायला लागल्या आणि हसता हसता सगळ्या पाण्यात उतरल्या.

आणि पुढची गोष्ट तर मी वर्गातल्या मुलांनाही सांगते. टोपल्या घेऊन तुम्ही एसटीनं गडचिरोलीला गेलात आणि त्या पाटीवरच्या साहेबाच्या ऑफिसात बसून राहिलात. साहेब म्हणाले, उद्या या. तुम्ही म्हणालात, इथंच हावो. दुपारी ऊन वाढलं, टोपल्यांतल्या मासोळ्या वास सोडू लागल्या. "वासानं कागद हालला वनू," असं तू सांगायचीस आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. त्याच कागदानं तलाव तुम्हा बायांच्या हाती आला.

पण मला वाटलं, नुसतं लिहून काय होतं? पुस्तक करायचं तर जाणती माणसं हवीत. शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली रेंज येते, तिथं बसून मी मोबाइलवर एका लेखन-प्रशिक्षकाचे वर्ग केले. ते म्हणाले, "गडचिरोली ना? मग वाघ कुठाय? बंदुका कुठायत?"

मी म्हणाले, "सर, आमच्या गोष्टीत ठेकेदार आहे."

"ठेकेदार कोण वाचतं हो!"

तुला सांगितलं तर तू काय म्हणालीस? "वाघ पायजे तं त्याले म्हना जंगलात जाय. मी तलावाची गोष्ट सांगून राह्यली."

मग पुण्याचे प्रकाशक मिळाले. त्यांनी अट घातली, शब्दांकन आमचा माणूस करेल. ते निनाद सर आले, तुझ्या हातचा मरळीचा रस्सा दोनदा मागून जेवले, फोटो काढले, तुला नमस्कार करून गेले. माणूस वाईट नव्हता, माय. आजही मी तसं म्हणणार नाही. पण त्यांनी पाठवलेला मजकूर ओट्यावर बसून मी तुला वाचून दाखवला तो दिवस मी विसरत नाही.

"'डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या होत्या. त्या थरथरत्या हातांनी...'"

तू थांबवलंस. "हे कोन बाई होय? लई रडून राह्यली."

"तूच आहेस, माय."

"मी? मी तं त्या दिवशी शिव्या देऊन राह्यली होती!"

तुझं सगळं 'देतो' आणि 'जातो' त्यांनी 'देते' आणि 'जाते' केलं होतं, जणू तुला बोलताच येत नव्हतं. तलावातून पाणी सोडायच्या मोरीला आपण तुडूम म्हणतो, त्याचं 'जलद्वार' झालं होतं. तेही चाललं असतं एक वेळ. पण शेवटी लिहिलं होतं, की करुणामय अधिकाऱ्यानं तलाव या अबलांच्या ओटीत टाकला.

तू हातातल्या जाळ्याची गाठ ओढलीस. आता जाळं फेकून उठशील असं मला वाटलं. आणि तू म्हणालीस, "राहू दे वनू. शिकला मानूस होय. त्याले समजत असन."

काऊन, माय? ठेकेदाराच्या माणसांना न भ्यालेली तू छापल्यासारख्या दिसणाऱ्या कागदाला काऊन भ्यालीस? हा माझा राग तुझ्यावर आहे, आणि तू गेलीस म्हणून तो कमी झालेला नाही. तू हो म्हणालीस, आणि पुढच्या थंडीत तापाचं निमित्त होऊन निघूनही गेलीस. तुझ्याशी भांडायलाही जागा ठेवली नाहीस!

तू गेल्यावर मी निनाद सरांना लिहिलं, मायचे शब्द परत घाला. ते म्हणाले, "वाचकाला कळणार नाहीत." आज प्रकाशकांनी खरं कारण सांगितलं. तेच साहेब आता निवृत्त झालेत, प्रकाशन त्यांच्याच हस्ते ठरलंय. शेवट कसा बदलणार? तुझा लेक सुधाकरभाऊ मागेच म्हणाला होता, "छापू दे ना बाई. मायचं नाव तं येते." मी म्हणाले, "नाव मायचं अना गोष्ट साहेबाची? मले नाई पायजे." तो म्हणाला, "बरं. तुले पटन ते कर."

आता तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. मूळ लिखाण मी मधल्या काळात नागपूरच्या एका संपादक बाईंना पाठवलं होतं, रजनीताईंना. त्यांनी तुझ्या एकाही 'देतो'ला हात लावला नाही. मात्र मामाच्या लग्नाची लांबलचक पानं काढायला सांगितली. मी तणतणले. पुन्हा वाचलं तर त्यांचंच बरोबर होतं. बुंदीवर किती बोलली होतीस गं!

आणि त्यांनी समासात एक प्रश्न लिहिला होता: 'नावेत आई एकटीच होती? बाकीच्या बायकांची नावं काय?'

मी गावी गेले. गिरजामावशीच्या अंगणात बाया जमल्या. मी ते पान वाचलं. गिरजामावशी फाडकन बोलली, "पारबता एकटी नोती बसली. मी बी बसली होती! माह्या मांडीवर पोट्टी होती, म्हनून तं त्यायनं हात नाई लावला!"

सगळ्या म्हणाल्या, खरं होय.

माय, हे काऊन नाही सांगितलंस? विसरलीस, की नाव तुझ्या एकटीची वाटू लागली होती? मी हसले, आणि मग मला रडू आलं. साहेबानं तुम्हा सगळ्यांना पुसलं, आणि तू गिरजामावशीला! त्या दिवसापासून मी एकेकीला विचारून लिहिते आहे. जनाबाई, कवडू काकाची सून, सगळ्या बोलू लागल्यात. एकमेकींना खोडून काढतात, भांडतात, आणि पुस्तक जाड होत चाललंय. रजनीताई म्हणतात, आता हे पुस्तक झालं. छापणारा कोण, ते अजून माहीत नाही. बाया म्हणतात, कोणी नाही छापलं तर आपला बचत गट छापेल. गडचिरोलीत छापखाने काय कमी आहेत?

तर वचन देते, माय. तुझ्या शब्दाला कोणी साबण लावून गोरं करायला आला, तर मी आडवी येईन, मग तो कितीही शिकलेला असो. आणि जिथं तू खोटं बोललीस तिथं तुलाही आडवी येईन. गिरजामावशी तुझ्या शेजारी बसणार, मांडीवर पोट्टी घेऊन. जरा सरकून घे.

तुझीच जिद्दी पोरगी,
वनिता