न उघडलेली फाइल

१८ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. अण्णांची तब्येत बरी आहे. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदूही काढला. आता सकाळी पेपर आला की लाल पेन घेऊन बसतात आणि छपाईच्या चुकांना गोल करतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्यातला मुद्रितशोधक काही निवृत्त होत नाही. गोल केलेले पेपर कुणाला दाखवायचे, हे त्यांनाही माहीत नाही. रद्दीत जातात.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र. तुझा पत्ता सुटे भाग पुरवणाऱ्या माणसाने दिला. तुमचा भाऊ आता टायरच्या दुकानात चाकांचं अलाइनमेंट करतो म्हणाला. "हात चांगला आहे हो त्याचा," असंही म्हणाला. मी हो म्हटलं आणि त्याच्या पावतीवर सही केली.

माझं म्हणशील तर माझंही बरं चाललंय. जेवते, झोपते, वेळेवर कामाला जाते. वर्कशॉपमध्ये नवीन लिफ्ट बसली. वॉरंटीचे क्लेम तपासायचं माझं टेबल खिडकीपाशी हलवलं होतं, त्यामुळे उजेड चांगला यायचा. 'यायचा' का लिहिलं, ते पुढे येईलच.

अण्णांची गाडी अजून खाली पार्किंगमध्येच आहे. अडीच वर्षं झाली. दर रविवारी ते कव्हर काढतात, फडक्याने पुसतात, टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघतात आणि पुन्हा कव्हर घालतात. शेजारचे विचारतात, विकत का नाही? अण्णा म्हणतात, बंद गाडी कोण घेणार. दुरुस्त का करत नाही, असं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतात.

ती घेतली तेव्हाचं तुला आठवत असेल. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात कुणी बोलायला नाही, म्हणून हे एकटेच शोरूममध्ये गेले आणि टर्बो इंजिनवाली, मागे धुराच्या दोन नळकांड्या असलेली, लाल हॅचबॅक बुक करून आले. वय सदुसष्ट. मी ओरडले, तर म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता एक माझी करतो." तू तेव्हा इतका हसलास की तुला ठसका लागला होता.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे कंपनीचं परिपत्रक आलं. त्या वर्षीच्या ठरावीक इंजिनांमध्ये पिस्टन कच्चे निघाले. गाडीला कुणी हात लावलेला नसतानाही त्यांना तडे जातात. ज्यांचे क्लेम नाकारले असतील त्यांची पुन्हा तपासणी करावी, मुदत ऑक्टोबरअखेर. सोबत इंजिन नंबरांची यादी होती. अण्णांचा नंबर दुसऱ्या पानावर, वरून सातवा.

परिपत्रक वाचून झाल्यावर मी गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं आमचं यंत्र पिशवीत घालून घरी नेलं. रविवार होता. अण्णा गाडी पुसत होते. म्हटलं, जरा बॅटरी जोडून बघते. ते चहा करायला वर गेले. मी गाडीच्या कॉम्प्युटरमधली, तू ट्यूनिंग करताना घातलेली फाइल उतरवून घेतली आणि कंपनीच्या फाइलशेजारी ठेवून ओळीने बघितली.

तू ताकद वाढवलीच नव्हतीस. कमी केली होतीस. टर्बोचा दाब कमी, ओढ कमी, वेगाची मर्यादा कंपनीपेक्षा चाळीसने खाली. फक्त ॲक्सिलरेटरच्या पॅडलची पहिली चाल तिखट केली होतीस. पाय टेकवला की गाडी उसळी मारणार, म्हणजे बसणाऱ्याला वाटणार की ही उडते, आणि पुढे गेल्यावर सगळं लगामात. अण्णा जिन्यावरून दोन कप सांभाळत येत होते. मी यंत्र बंद केलं. त्यांनी विचारलं, "काही दिसलं?" मी म्हटलं, बॅटरी उतरली आहे.

चहा प्यायले. साखर नेहमीइतकीच होती. हे मला का आठवतं, कोण जाणे.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुला त्यातलं बरंच माहीत आहे, पण मला क्रमाने लिहायची सवय आहे.

गाडी टोइंगवर आली. इंजिनातून आवाज, निळा धूर, तिसऱ्या पिस्टनला तडा. वॉरंटीची अजून दीड वर्षं बाकी होती, क्लेम सरळ होता. पण अण्णा प्रतीक्षागृहात बसले होते, आणि आमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने नुसतं विचारलं की गाडी कशी चालत होती. त्यावर अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वाऱ्यासारखी! माझ्या मुलाने ट्यून केलीय. कंपनीच्या लोकांना जमलं नाही ते त्याने तीन तासांत केलं." दहाबारा माणसं बसली होती. कुणाकुणाला त्यांनी तुझ्या दुकानाचं कार्डसुद्धा दिलं. वॉरंटीच्या दारात बसून ट्यूनिंगची जाहिरात करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मी काचेच्या आतून बघत होते. त्याच वर्कशॉपात मी अकरा वर्षं काम करत होते. अण्णा तिथे त्याआधी चार वेळा आले असतील. माझ्याबद्दल त्यांनी कुणाला असं काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. एकदा शिपायाने विचारलं होतं, तर म्हणाले होते, "ती इथे कागदांचं काहीतरी बघते."

मग मी यंत्र जोडलं. फाइल किती वेळा बदलली, याचा आकडा त्या कॉम्प्युटरमध्ये राहतोच. तुम्ही ट्यूनिंगवाली मंडळी सर्व्हिसिंगच्या आधी कितीही वेळा मूळ फाइल परत घाला, आकडा मागे जात नाही. उलट तेवढ्याने एक वाढतो. तू ती परतसुद्धा घातली नव्हतीस. आकडा कंपनीच्या नोंदीपेक्षा एकाने जास्त होता. नियम असा की आकडा जुळला नाही, तर परीक्षकाने फाइल उतरवून ताडून बघावी आणि मग कारण लिहावं. त्याला एक दिवस लागतो. पण असं कुणी करत नाही. आकडा जुळला नाही की 'मालकाने केलेल्या बदलामुळे' या चौकोनात खूण करायची आणि पुढची गाडी घ्यायची. बहुतेक वेळा ते खरंच निघतं.

तू धावत आलास. अण्णा लाल झाले होते, कारण क्लेम बसणार नाही हे मी त्यांना तोपर्यंत सांगून टाकलं होतं. ते तुला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. माझ्या गाडीचं वाटोळं केलंस, पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. तू मान खाली घालून उभा होतास. अण्णा शेजारीच होते, म्हणून तू मला एवढंच म्हणालास, "ताई, फाइल उघडून बघ. मग सही कर."

मी म्हटलं, "मला माझं काम शिकवू नकोस."

आणि सही केली. अजून शाई वाळायची होती आणि मी फॉर्म ट्रेमध्ये टाकलासुद्धा. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझं कौतुक झालं. आपला तो बाब्या नाही, बाईंनी बापाचाही क्लेम नाकारला, म्हणून. पुढच्याच महिन्यात मला वॉरंटीप्रमुख केलं. मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले की मी नियमाप्रमाणे वागले. नियम तर फाइल उघडायचाच होता. मला ती उघडायची नव्हती. त्यांच्या लाडक्या मुलाने काहीतरी बिघडवलंय, हे त्यांनी एकदा बघावं असं मला वाटत होतं. सही करताना मला बरं वाटलं, बारक्या. फार नाही, पण वाटलं.

पुढचं सगळं तुझ्यावर आलं. स्वतःच्या बापाचं इंजिन ज्याने उडवलं, त्याच्याकडे गाडी कोण देणार? सहा महिन्यांत तुझं दुकान बंद झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते माहीत होतं, इथे चोरानेच ती दिली. तू मात्र कुणाला काही सांगितलं नाहीस. एक वाक्य पुरलं असतं, की अण्णा, मी गाडी हळू केली होती. एका डोळ्याने नीट न दिसणाऱ्या माणसाला वेगवान गाडी कशी द्यायची, म्हणून तू ती हळू केलीस, आणि त्यांना ते कळू नये म्हणून गप्प राहिलास. हे मला फाइल वाचल्यावर समजलं.

परिपत्रक आलं, असं मी वर लिहिलं. कधी आलं, ते लिहायचं टाळलं. एप्रिलमध्ये आलं. फाइलही मी एप्रिलमध्येच वाचली. मधले सहा महिने मी काहीही केलं नाही. रोज ठरवायचे, रोज दुसरं काम निघायचं. वाईट वाटत होतं असंही म्हणता येत नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, तसा सगळा भाग बधिर होता. दोन वेळा तुझ्या टायरच्या दुकानासमोरून बसने गेले. एकदा तू दिसलास, कुणाच्या तरी चाकापाशी वाकलेला. मी उतरले नाही.

गेल्या आठवड्यात क्लेम पुन्हा उघडायचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे, 'पूर्वीचा निर्णय चुकण्याचे कारण'. साहेब म्हणाले, "बाई, तिथं 'नवीन माहिती उपलब्ध' असं लिहा. सगळे तेच लिहितात. नाहीतर चौकशी लागेल." मी लिहिलं, 'परीक्षकाने फाइल न वाचता सही केली.' खाली माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही सुट्या भागांच्या काउंटरला बसा. माझ्या हातात काही नाही." मी बरं म्हटलं. मग डबा खाल्ला. सगळा संपला.

फाइलचा तपशील कंपनीकडे गेलाय. अण्णांच्या नावे काल आलेल्या कंपनीच्या पत्रात एवढंच आहे, की बिघाड पिस्टनमधल्या मूळ दोषामुळे, ट्यूनिंगचा त्याच्याशी संबंध नाही, इंजिन कंपनी बदलून देईल. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ज्यांनी ज्यांनी तुझ्याकडे यायचं सोडलं त्यांना दाखव. माझं नाव झाकू नकोस.

काल संध्याकाळी ते पत्र मी अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी तीनदा वाचलं. दुसऱ्या ओळीतल्या एका काना-मात्रेला पेनाने गोल केला. मग मला विचारलं, "म्हणजे त्याने काही बिघडवलं नव्हतं?"

"नाही. मी न बघता सही केली होती."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ओरडतील असं वाटलं, पण ओरडले नाहीत. मला ओरडलेलं चाललं असतं.

"ताकद वाढवली होती ना पण त्याने?"

बारक्या, मी खोटं बोलले. म्हटलं, "वाढवली होती. इंजिनला झेपेल एवढीच."

"मला कळत होतं ते," अण्णा म्हणाले. "नुसता पाय ठेवला की पळायची."

तू अडीच वर्षं जे झाकून ठेवलंस ते मी उघडं केलं नाही. गाडी परत येईल तेव्हा नव्या इंजिनवर काय घालायचं ते तू ठरव. त्यांचे डोळे आता चांगले आहेत. वय मात्र त्र्याहत्तर झालं. तू जे घालशील, त्यावर या वेळी मी काही लिहिणार नाही. तसंही ते टेबल आता माझं नाही.

पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. उठून खिडकीपाशी गेले, खाली पार्किंगकडे बघत उभे राहिले. मी कपबश्या उचलत होते. तेव्हा ते माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मग तो येत का नाही?"

पाऊल ठेवू नकोस असं आपणच म्हटलं होतं, हे ते विसरले असतील असं मला वाटत नाही. त्यांनी खरंच विचारलं. मी कपबश्या आत नेऊन ठेवल्या आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले. तू येत नाहीस ते माझ्यामुळे, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. परत बाहेर आले तर ते अजून तसेच उभे होते, उत्तराची वाट बघत.

तू ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी,
अजून म्हणत असलास तर,
ताई